एकाच बाजूने यायचं

अण्णांनी माझ्या दुर्बिणीतून आजवर एकदाच पाहिलंय. शनी लावला होता, कडी छान दिसत होती. डोळा लावून दहा सेकंद उभे राहिले, "आहे खरी," म्हणाले आणि बाजूला झाले. मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि दुर्बिणीच्या स्टँडला कान लावला.

"आत वर्म आहे का गं?"

वर्म म्हणजे दातेरी चाक फिरवणारा मळसूत्री दांडा. तो आहे की नाही, मला सांगता आलं नाही. वर्षभर ते यंत्र वापरत होते, हप्तेही फेडून झाले होते, पण पेटीत नेमकं काय फिरतंय हे कधी विचारायचं सुचलं नव्हतं. अण्णा म्हणजे माझे सासरे. भोसरी एमआयडीसीत एकतीस वर्षं लेथवर टर्नर होते. डोळ्यांनी काम झाल्यावर ते कानाने तपासतात, ही घरातली जुनी गंमत आहे. मिक्सर, शिलाई मशीन, शेजाऱ्यांची स्कूटर, काहीही चालतं त्यांना. त्या रात्री माझ्या माउंटची, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणाऱ्या स्टँडची, पाळी आली.

आकाशाचे फोटो काढायचे म्हटलं की लोक आधी विचारतात कॅमेरा कुठला, मग दुर्बीण केवढी. माउंटचं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. दुकानदाराने जे गळ्यात मारलं ते घेतलं, सुदैवाने बरं निघालं. आता कुणी सल्ला मागितला की मी एकच सांगते, पैसे खाली घाला, वर नको. ८० मिलिमीटरची साधी दुर्बीण आणि कुणाचा तरी वापरलेला डीएसएलआर चालतो. खालचं डुगडुगतं असेल तर वर काहीही ठेवा, तारे लांबटच येणार.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून आकाश सरकतं, हे शाळेत पाठ होतं. किती सरकतं हे फोटो काढायला लागल्यावर कळलं. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. माझ्या दुर्बिणीची नाभीय लांबी ४८० मिलिमीटर आणि कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ३.७२ मायक्रॉनचा, म्हणजे एका पिक्सेलवर आकाशाची १.६ विकला. यंत्र बंद ठेवलं तर एका सेकंदात तारा नऊ पिक्सेल पळतो, आणि आपल्याला तर तीन-तीन मिनिटं शटर उघडं ठेवायचं असतं. एक विकला म्हणजे केवढी? दोन सेंटिमीटरचं नाणं चार किलोमीटरवर धरलं तर जेवढं दिसेल, साधारण तेवढी.

म्हणून माउंट. त्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा आणि त्याभोवती दुर्बीण उलटी फिरवत राहायची, २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरी. म्हणायला सोपं आहे. आपल्याकडे पहिली अडचण ध्रुवाचीच. ओतूरजवळ सासरचं शेत आहे, तिथे ध्रुव जेमतेम १९ अंशांवर. उत्तरेला डोंगररांग, तिच्यावर हिवाळ्यातला धुरकट पट्टा, आणि त्या पट्ट्यात हा बिचारा. शिवाय ध्रुव तारा नेमका ध्रुवावर नाहीच. अर्ध्या अंशाहून थोडा जास्त लांब आहे, पूर्ण चंद्राच्या बिंबाहून जास्त. आणि ही यंत्रं बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चाळीस-पन्नास अक्षांशांवरची गिऱ्हाइकं असावीत. आमच्या १९ अंशांवर अक्ष इतका आडवा होतो की दुर्बिणीला तोलणाऱ्या वजनाचा दांडा तिकाटण्याच्या पायाला जाऊन आपटतो. पहिल्या रात्री दीड वाजता तो 'टक्' आवाज आला तेव्हा मला वाटलं, मोटर गेली.

तर पहिला हिवाळा. गाइडिंग वगैरे काही नव्हतं. मृगातल्या तेजोमेघाचे तीस-तीस सेकंदांचे फोटो काढायचे आणि नंतर एकावर एक रचायचे. शंभर फोटो काढले तर तीस-पस्तीसांत तारे गोल, बाकीच्यांत तांदूळ. आंबेमोहोर नव्हे, चांगला लांब बासमती. वाऱ्याला दोष दिला, कुत्र्याला दिला, नवऱ्याच्या चालण्याला दिला. तो गाडीत झोपला होता.

हे गाऱ्हाणं घरी जेवताना चाललं होतं. अण्णा म्हणाले, "खराब कुठले, चांगले कुठले, वेळ लिहिलीय का?" प्रत्येक फोटोची वेळ कॅमेऱ्यातच नोंदलेली असते. मी बसून यादी केली, त्यांनी ती हिशेबाच्या वहीत उतरवून घेतली. पेन्शनर असले तरी वही लागतेच. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी वही माझ्यापुढे सरकवली. चांगले फोटो सुटेसुटे नव्हते. त्यांचे झुपके होते, आणि दोन झुपक्यांमध्ये सव्वापाच मिनिटं. प्रत्येक वेळी.

"चाकाला दात किती?"

एव्हाना मी माहिती काढली होती. १३५.

त्यांनी भागाकार केला. ८६,१६४ सेकंदांची एक फेरी, भागिले १३५. एका दाताला ६३८ सेकंद, म्हणजे दहा मिनिटं अडतीस सेकंद. त्याचं निम्मं सव्वापाच मिनिटं. "वर्म एक फेरी फिरला की चाक एक दात पुढे. दांडा किंचित केंद्राबाहेर आहे, म्हणून अर्धी फेरी पुढे ढकलतो, अर्धी फेरी मागे राहतो. जिथे दिशा बदलते तिथे तो क्षणभर बरोबर चालतो. तिथले तुझे फोटो गोल."

ज्याला जगभरचे हौशी लोक पिरियॉडिक एरर म्हणतात, ती गोष्ट अण्णांनी आकाशाकडे न बघता वहीत पकडली. मला आधी थोडं अपमानास्पद वाटलं, मग फार मजा वाटली.

मग त्यांनी विचारलं, चूक केवढी? मी मोजलं होतं, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस विकला. चाकाची त्रिज्या साडेचार सेंटिमीटर धरून त्यांनी पुन्हा आकडे मांडले आणि चष्मा वर केला.

"चार मायक्रॉन येतायत."

"म्हणजे?"

"म्हणजे केसाचा पंधरावा-सोळावा भाग. या किमतीत चार मायक्रॉन? मग चांगलंच बनवलंय की. शिव्या कशाला देतेस त्याला?"

धातू याहून बरा कापता येतो, पण त्याची किंमत मला परवडणारी नव्हती. उरला दुसरा मार्ग. चूक होऊ द्यायची, ती होताना बघायची आणि तिथल्या तिथे दुरुस्त करायची. यालाच गाइडिंग म्हणतात.

हे काम एकेकाळी माणसं डोळ्यांनी करत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ बर्नार्ड लिक वेधशाळेत आकाशगंगेचे फोटो काढायचा, तेव्हा जोडीच्या दुर्बिणीत एक तारा पकडून तासन्तास तो हाताने तारेवर धरून ठेवायचा. 'तारेवर' हे शब्दशः घ्या. भिंगात दोन बारीक तंतू आडवे-उभे ताणलेले असत, आणि त्यासाठी कोळ्याच्या जाळ्याचा धागा वापरत. थंडीत गोठलेल्या बोटांनी तो चौकातला तारा सोडायचा नाही. अशाच काचेच्या प्लेटांपैकी एकीवर १८८८ साली हार्वर्डमध्ये विलियमिना फ्लेमिंग यांना घोड्याच्या डोक्यासारखा काळा खळगा दिसला. त्या मुळात वेधशाळेच्या संचालकांच्या घरी मोलकरीण म्हणून आलेल्या होत्या. मृगाच्या बाणातल्या तीन ताऱ्यांपैकी पूर्वेकडच्या ताऱ्याच्या अगदी खाली तो अश्वमुखी तेजोमेघ आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, साध्या दुर्बिणीतूनही नाही. फोटो होता म्हणून तो सापडला, आणि कुणीतरी तारा धरून बसलं होतं म्हणून फोटो आला.

पुण्यालाही या उद्योगाचा वारसा आहे, हे मला फार उशिरा कळलं. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी कॉलेज ऑफ सायन्सच्या, म्हणजे आजच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, आवारात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. २० इंची ग्रब बनावटीची दुर्बीण होती, त्या काळी देशात सर्वांत मोठी. १८९८ च्या खग्रास ग्रहणाला ते सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. १९१२ साली ते निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाइकनालला गेली. आजही त्या रस्त्याने जाताना मी मान वळवून बघते. बघण्यासारखं तिथे काही नाही.

माझा कोळ्याचा धागा म्हणजे ३० मिलिमीटरची छोटी दुर्बीण आणि तिच्या मागे अंगठ्याएवढा कॅमेरा. तो दर दोन-तीन सेकंदांनी एका ताऱ्याचा फोटो काढतो, लॅपटॉपवरचा पीएचडी-टू हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम तो तारा किती हलला ते मोजतो आणि माउंटला हळूच टिचकी मारतो. पीएचडीचा विस्तार 'पुश हिअर डमी' असा आहे. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "इथं दाब, येड्या. बरोबर आहे. आमच्या शॉपमध्ये लाल बटणावर हेच लिहायला हवं होतं."

नवशिक्यांना इथे एक शंका हमखास येते, मलाही आली. छोट्या दुर्बिणीची नाभीय लांबी १२० मिलिमीटर, म्हणजे एका पिक्सेलवर सुमारे साडेसहा विकला. एवढ्या जाड पट्टीने एक विकलेची चूक कशी मोजायची? खुबी अशी की तारा एका पिक्सेलवर पडत नाही, चार-सहा पिक्सेलांवर पसरतो. कुठल्या पिक्सेलवर किती उजेड पडला त्यावरून त्याचा गुरुत्वमध्य काढतात, आणि तो पिक्सेलच्या दहाव्या भागाच्या आसपासही कळतो. म्हणून गाइडचा तारा किंचित पसरट असलेलाच बरा. मी आधी तो टाचणीच्या टोकासारखा करायच्या मागे लागले होते.

दुसरी चूक माझी स्वतःची, स्वभावातली. दर अर्ध्या सेकंदाला दुरुस्ती केली तर जास्त अचूक येईल असं वाटलं. प्रोग्रॅममधला चूक दाखवणारा आलेख करवतीसारखा झाला. तारा जागचा हलत नसतो, मधली हवा त्याला थरथरवते. त्या प्रत्येक थरथरीमागे माउंट धावलं तर नसलेली चूक आपण आणून बसवतो. दोन-तीन सेकंदांचं एक्सपोजर ठेवलं की हवेची थरथर सरासरीत विरते. मग चुकीच्या साठ-सत्तर टक्केच सुधारायचं, आणि अगदी बारीक चूक असेल तर हातच लावायचा नाही. तिन्हींना प्रोग्रॅममध्ये घरं आहेत. त्यातले आकडे बदलत मी एक अख्खी अमावास्या घालवली.

एवढं सगळं केल्यावर आलेखातली निळी रेघ सुतासारखी सरळ आली. पूर्व-पश्चिमेची ती. लाल रेघ, उत्तर-दक्षिणेची, मात्र डोंगर चढायची आणि दरीत कोसळायची. पुन्हा चढायची. त्या महिन्यात मी ध्रुव साधण्यात तरबेज झाले होते. आता ध्रुव दिसलाच पाहिजे असंही नसतं. आकाशाचे तीन ठिकाणचे फोटो घेऊन प्रोग्रॅम अक्षाची चूक सांगतो. ती मी अर्ध्या कलेच्या आत आणली होती. जितकी नेमकी साधावी तितकी लाल रेघ बिघडत होती. हे कसं?

अण्णा त्या वेळी शेतावरच होते. लॅपटॉपपुढे प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले, अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर. बराच वेळ काही बोलले नाहीत. रेघ चढली, प्रोग्रॅमने दक्षिणेकडे टिचकी मारली. रेघ तिथेच. पुन्हा टिचकी. तिथेच. चौथ्या टिचकीला धाडकन पलीकडे.

"प्ले आहे," ते म्हणाले. "बॅकलॅश. दिशा बदलली की दाताच्या या अंगावरून त्या अंगाला जाईपर्यंत गिअर रिकामा फिरतो. हा तुझा डमी समजतो ऐकू गेलं नाही, म्हणून आणखी ओरडतो. मग सगळंच एकदम ऐकू जातं."

मग हवेत हँडव्हील फिरवल्यासारखा हात फिरवून दाखवला. लेथवर क्रॉस स्लाइडला, म्हणजे टूल पुढेमागे नेणाऱ्या भागाला, प्ले असतोच, नव्या मशीनलाही थोडा असतो. जॉब वीसवर आणायचा आहे आणि टूल चुकून पुढे गेलं, तर तेवढंच मागे फिरवून चालत नाही. डायलवर वीस दिसतं, टूल तिथे नसतं. पार मागे यायचं, प्ले काढायचा आणि पुन्हा पुढे जात वीसवर यायचं. "नवीन पोऱ्या आला की पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. नेहमी एकाच बाजूने यायचं. तुझा तारा कुठल्या बाजूला पळतो?"

कुठल्याच नाही, हीच तर अडचण होती. ध्रुव इतका नेमका साधला होता की तारा उत्तर-दक्षिणेत वाहतच नव्हता, जागच्या जागी डुलत होता, आणि प्रोग्रॅम एकदा इकडून एकदा तिकडून ढोसत होता.

"मग थोडा बिघडव," अण्णा म्हणाले.

महिनाभर घासून जमवलेलं बिघडवायचं माझ्या जिवावर आलं. पण स्क्रू फिरवला, चार कलांची चूक मुद्दाम ठेवली. त्याने तारा मिनिटाला फार तर एक विकला वाहतो, तोही एकाच दिशेला. प्रोग्रॅमला सांगितलं, फक्त दक्षिणेकडे ढकल, उत्तरेकडे ढकलायचंच नाही. दोनच मिनिटांत लाल रेघ निळीच्या शेजारी येऊन निजली. आकाशाचा दुसरा भाग धरला की वाहण्याची दिशा बदलू शकते, तेव्हा पुन्हा बघून घ्यावं लागतं, इतकंच. पुढे वाचताना कळलं की जाणकार हेच करतात आणि त्यावर पानंच्या पानं लिहिली गेलीत. दुसऱ्या अक्षाचंही अण्णांनी तसंच केलं. वजन काट्यावर तोलायचं नाही, पूर्वेची बाजू गुंजभर जड ठेवायची, म्हणजे दात दाताला टेकून राहतो. ते वजनही आता त्यांच्याच हातचं आहे. पाच किलोचं जादा वजन विकत घ्यायचं तर कुरिअरच डोईजड, म्हणून मित्राच्या शेडवर दहा सेंटिमीटर व्यासाचा एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, रॉड साडेआठ सेंटिमीटर लांब कापला, मधे बोअर केला, आडवा आटा पाडला. कडा मोडून वर काळा रंगही मारला. वजनकाटा असलेल्या दुकानात नेऊन बघितलं, पाच किलो चाळीस ग्रॅम.

जुन्नर तालुक्यात रात्री उघड्यावर बसायचं म्हणजे बिबट्याचं बोलणं आलंच. सगळीकडे ऊस आहे आणि उसात तो आहे. शेतातली मोटर आठवड्याआड रात्रीच्या लाइटवर चालते, त्यामुळे चुलत दीर दोन वाजता बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघतात, मोबाइलवर भजन मोठ्याने लावून. ते मला दाखवायला बॅटरी आकाशाकडे धरतात आणि एक फोटो जातो. एकदा बांधावर ओला ठसा दिसला, तेव्हा सगळ्यांनी मिळून मला घराच्या स्लॅबवर पाठवलं. सुरक्षित होतं, पण स्लॅब ढोलासारखा वाजतो. कुणी जिना चढलं की आलेखात उंचवटा. पहाटे चुलत सासूबाई चुलीला काटक्या न्यायला वर आल्या तर त्यांची पावलं मी मोजू शकले, सोळा. शेवटी खळ्यात, भिंतीच्या आडोशाला, जमिनीवर फरशीचे तीन तुकडे पुरून जागा केली. उसाला पाणी दिलेल्या रात्री दव इतकं पडतं की भिंगाला वॉर्मरचा पट्टा बांधला नाही तर अकरानंतर तारे मावळतात, म्हणजे माझ्यापुरते.

एक भानगड मात्र मी एकटीने सोडवली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन्ही रेघा सरळ, सरासरी चूक किती विकला ते सांगणारा आकडा उत्तम, तरी तासाभराचे फोटो ओळीने पाहिले तर अश्वमुखी हळूहळू चौकटीत सरकतोय आणि तारे किंचित अंडाकृती. गाइड म्हणतो सगळं जागेवर आहे, कॅमेरा म्हणतो नाही. दोघंही खरं बोलत होते. छोटी दुर्बीण प्लास्टिकच्या टोकाच्या तीन स्क्रूंवर तरंगत होती. मोठी दुर्बीण पूर्वेकडून माथ्यावर आली की छोटी स्वतःच्या वजनाने एका बाजूला लवायची आणि गाइड इमानेइतबारे त्या लवण्याचा पाठलाग करायचा. स्क्रू काढून टाकले, घट्ट धातूचं कडं बसवलं, लोंबणारी केबल बांधली. पाच मिनिटांचं काम होतं. शोधायला डिसेंबर गेला. आता दोन फोटोंच्या मधे मीच प्रोग्रॅमला दुर्बीण दोन-चार पिक्सेल इकडेतिकडे सरकवायला सांगते, कॅमेऱ्याच्या ठरावीक ठिपक्यांची रांगोळी फोटोत उमटू नये म्हणून. एवढं जागेवर आणायचं आणि मग मुद्दाम हलवायचं, हे काही अण्णांना पटलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात अश्वमुखीचा फोटो झाला. तीन रात्री, तीन-तीन मिनिटांचे एकशे दहा फोटो, त्यातले सहाच टाकावे लागले. छापून फ्रेम केली, हॉलमध्ये लावली. येणारेजाणारे घोडा शोधतात. अण्णांनी फोटोपुढे उभं राहून कोपऱ्यातल्या ताऱ्यांवर बोट ठेवलं, "हे गोल आलेत," म्हणाले आणि पेपर उघडला.

थंडीत आता ते शेतावर येत नाहीत, दम लागतो. मागच्या अमावास्येला मी खळ्यात एकटीच होते. नवरा नेहमीप्रमाणे गाडीत. तीनच्या सुमाराला फोन वाजला. एवढ्या रात्री घरून फोन म्हणून मी घाबरूनच उचलला.

"किती चाललंय?"

मी लॅपटॉपकडे पाहिलं. "पॉइंट आठ."

"लाल?"

"लालपण."

"बरं," अण्णा म्हणाले. "झोपतो मग."